मुलांचा हात न सोडणारे डॉक्टर : यानुश कोर्चाक

पोलंडमधील ट्रेब्लिंका येथे पाइनच्या झाडांनी वेढलेल्या एका माळावर सुमारे १७,००० दगड उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने येथे मृत्युछावणी उभारली होती आणि सात लाखांहून अधिक माणसांना विषारी वायूने मारले होते. त्यांतील बहुसंख्य ज्यू होते. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या दगडांपैकी बहुतेकांवर एक अक्षरही नाही. काहींवर गावांची नावे आहेत, कारण तेथील ज्यू वस्तीच्या वस्ती येथे संपल्या. एका व्यक्तीचे नाव मात्र एकाच दगडावर कोरलेले आहे. ते नाव डॉ. यानुश कोर्चाक यांचे. त्या नावालगत त्यांच्या मुलांचाही उल्लेख आहे.

कोर्चाक अविवाहित होते. दगडावर उल्लेख असलेली मुले त्यांच्या पोटची नव्हती. ती वॉर्सा शहरातील एका अनाथगृहातील होती. हे अनाथगृह त्यांनी जवळजवळ तीस वर्षे चालविले. मुलांना निजवावे कसे, भांडणे मिटवावीत कशी, रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाची लाज कशी राखावी, नव्याने आलेल्या आणि कोपऱ्यात बसून रडणाऱ्या मुलाला जेवणाच्या पंगतीपर्यंत कसे आणावे, हे प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभे राहत. निवासी शाळेत वाढलेल्या, शिकविलेल्या किंवा आपले मूल तेथे सोपविलेल्या प्रत्येकाला हे प्रश्न ओळखीचे वाटतील. फरक इतकाच, की कोर्चाक यांच्या आयुष्यात चार युद्धे आली आणि चारही वेळा युद्धाची पहिली झळ मुलांना लागल्याचे त्यांनी पाहिले. म्हणूनच या स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगावेसे वाटते.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. २२ जुलै हा त्यांचा जन्मदिवस. वर्ष मात्र १८७८ की १८७९ हे निश्चित नव्हते, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नाही. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. वडील वकील होते, आजोबा डॉक्टर होते आणि घर सुखवस्तू होते. घरातील वळण पोलिश होते, त्यामुळे आपण ज्यू आहोत याची जाणीव लहान हेन्रिकला फारशी नव्हती. ती झाली एका पक्ष्यामुळे. तो पाच वर्षांचा असताना त्याचा लाडका कॅनरी मेला. अंगणात त्याला पुरून वर लाकडाचा क्रूस रोवावा असे त्याच्या मनात होते. इमारतीच्या रखवालदाराच्या मुलाने त्याला अडविले. पक्षी ज्यू होता, त्याचा मालकही ज्यू आहे, म्हणून त्यावर क्रूस चालणार नाही, असे त्या मुलाने बजावले. मेलेल्या पाखरालाही जात चिकटते, हे त्या दिवशी पाच वर्षांच्या मुलाला कळले. आपल्या समाजातील कित्येक वडीलधाऱ्यांना याच वयात, विहिरीवर नाही तर शाळेच्या दारात, असाच धडा मिळाला होता. त्यामुळे हा प्रसंग आपल्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

शाळेत रशियन भाषेची सक्ती होती आणि शिस्त छडीची होती. वर्गात एका मुलाला सर्वांसमोर फटके मारताना पाहून हेन्रिक इतका भेदरला की त्याला त्या शाळेतून काढावे लागले. ती भीती ते आयुष्यभर विसरले नाहीत. पुढे वडिलांना मानसिक आजार जडला. उपचारांत पैसा संपला, घरातील वस्तू गहाण पडल्या आणि १८९६ मध्ये वडील गेले. शाळकरी हेन्रिक श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आई आणि बहीण यांना हातभार लावू लागला. लिहिण्याची आवड होतीच. एका साहित्यस्पर्धेसाठी त्याने एका पोलिश कादंबरीतील नायकाचे नाव टोपणनाव म्हणून घेतले. ‘यानुश कोर्चाक’ हेच नाव पुढे जगाला माहीत झाले.

कोर्चाक यांनी वॉर्सा विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास केला. विद्यार्थी असतानाच ते शहरातील गरीब वस्त्यांत जाऊन मुलांना शिकवीत आणि गोष्टी सांगत. १९०५ मध्ये पदवी मिळाली आणि एका ज्यू बालरुग्णालयात नोकरीही लागली. लगेच रशिया-जपान युद्धासाठी सैन्यात डॉक्टर म्हणून त्यांना मांचुरियात पाठविण्यात आले. रुग्णवाहू आगगाडीत जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना रुळांच्या कडेची उजाड गावे आणि त्यांतील उपाशी मुले त्यांना दिसत राहिली. राज्ये कशासाठी लढतात हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. आपले घर जळाले, एवढेच त्यांना ठाऊक होते.

परत आल्यावर रुग्णालयातील त्यांची कीर्ती वाढली. श्रीमंत घरांतून बोलावणी येत. त्यांच्याकडून ते भरपूर शुल्क घेत आणि गरिबांना फुकट तपासत. तरीही मन स्वस्थ नव्हते. आजारी मूल बरे होते आणि ज्या अंधाऱ्या, ओल्या खोलीने त्याला आजारी पाडले त्याच खोलीत परत जाते. औषधाने मुलाचा ताप उतरतो. त्याची उपासमार आणि अपमान तसेच राहतात. चांगली नोकरी सोडून कोर्चाक एका अनाथगृहाचे प्रमुख झाले ते या विचाराने. काहींना तो वेडेपणा वाटला. रुग्णालय सोडले याची टोचणी खुद्द कोर्चाक यांनाही दीर्घकाळ होती.

१९१२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्सातील क्रोखमाल्ना रस्त्यावर ‘अनाथांचे घर’ सुरू झाले. ज्यू अनाथ मुलांसाठी मुद्दाम बांधलेल्या या इमारतीत सुमारे शंभर मुले राहत. मोठी खिडकीदार दालने, विजेचे दिवे, नळाचे गरम पाणी आणि स्वच्छ न्हाणीघरे तेथे होती. तळघरांतून आलेल्या मुलांनी असे काही पूर्वी पाहिलेले नव्हते. कोर्चाक यांच्या बरोबरीने ही संस्था उभी केली ती स्टेफानिया विल्चिन्स्का यांनी. बेल्जियममध्ये शिकून आलेल्या या तरुणीने संस्थेचा रोजचा संसार शेवटच्या दिवसापर्यंत वाहिला. मुलांचे कपडे, भांडी, आजारपणे आणि हिशेब यांवर त्यांची नजर असे. कोर्चाक यांची कीर्ती सर्वत्र पसरली, परंतु स्टेफाबाई नसत्या तर ते घर चालले नसते.

सुरुवात सुखाची झाली नाही. नव्या घरातील नियमांविरुद्ध मुलांनी जणू बंडच पुकारले. चांगल्या इमारतीने आणि चांगल्या हेतूने मुले आपोआप सुधारतात, हा भ्रम त्या पहिल्या वर्षात गळून पडला. मुलांवर वरून राज्य करण्याऐवजी त्यांना घराच्या कारभारात भागीदार केले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि हळूहळू एक व्यवस्था आकाराला आली. झाडलोट, भांडी आणि ग्रंथालय ही कामे मुलांत वाटलेली असत आणि झाडू ही मानाची वस्तू समजली जाई. नवीन मुलाला एखादे मोठे मूल पालक म्हणून मिळे आणि पहिले काही महिने त्याची जबाबदारी त्या मोठ्या मुलावर असे. भिंतीवर सूचनाफलक होता. एक पत्रपेटीही होती. जे तोंडाने सांगता येत नाही ते मुलाने लिहून त्या पेटीत टाकावे, अशी सोय होती. लिहिण्यासाठी थांबावे लागते, आणि थांबल्यावर निम्मा राग ओसरतो, हा त्यामागील अनुभव. पडलेला दुधाचा दात डॉक्टर पैसे देऊन विकत घेत. दर आठवड्याला ते प्रत्येक मुलाचे वजन स्वतः करीत आणि वहीत नोंदवीत.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे मुलांचे न्यायालय. न्यायाधीश मुलेच असत. कोणीही कोणाविरुद्ध तक्रार नोंदवू शके. मुलांनी मुलांविरुद्ध करावी तशीच शिक्षकांविरुद्धही करावी. न्यायालयाच्या संहितेत पहिली जवळजवळ शंभर कलमे क्षमेची होती. चूक अजाणता झाली, पश्चात्ताप झाला, पुन्हा होणार नाही, अशा नाना कारणांनी आरोपीला सोडून देण्याची तरतूद त्यांत होती. कठोर कलमे त्यानंतर येत आणि घरातून काढून टाकण्याचे कलम अगदी शेवटी. सहा महिन्यांत खुद्द कोर्चाक यांच्यावर पाच वेळा खटला चालला. एका मुलाला चापट मारली, एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतला, एकाला शयनगृहाबाहेर काढले, असे आरोप त्यांच्यावर होते. ते न्यायासनासमोर उभे राहिले आणि मिळालेला निकाल त्यांनी मान्य केला. त्यांनी या घटना लपविल्या नाहीत, उलट स्वतःच लिहून ठेवल्या. मोठ्यांनाही नियम लागू आहेत हे दिसल्यावाचून मुलाचा न्यायावर विश्वास बसत नाही, अशी त्यांची धारणा होती.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. कोर्चाक पुन्हा रशियन सैन्यात डॉक्टर म्हणून गेले आणि घर स्टेफाबाईंनी सांभाळले. युद्धाची ती वर्षे त्यांनी फिरत्या रुग्णालयांत काढली. शस्त्रक्रियांमधून सवड मिळेल तेव्हा ते मुलांवर प्रेम कसे करावे याविषयीचा ग्रंथ लिहीत. तो त्यांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ ठरला. किएव्हजवळच्या बालआश्रमांत युद्धाने निराधार केलेली मुले त्यांनी तपासली. तेथेच मारिना फाल्स्का या शिक्षिकेशी त्यांचा परिचय झाला. १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला, परंतु शांतता आली नाही. १९२० च्या पोलंड-रशिया युद्धात ते पोलिश सैन्याचे डॉक्टर होते आणि तेथे त्यांना टायफस झाला. शुद्ध हरपलेल्या मुलाची सेवा करताना आईला त्याच रोगाची लागण झाली. मुलगा वाचला, आई गेली. हे दुःख त्यांनी पुढे कधीही हलके केले नाही.

दोन महायुद्धांमधील वीस वर्षे त्यांच्या कार्याच्या बहराची होती. फाल्स्काबाईंच्या साथीने त्यांनी पोलिश कामगारांच्या मुलांसाठी दुसरे बालगृह उभारण्यास हातभार लावला. १९२६ मध्ये मुलांनीच लिहिलेले एक साप्ताहिक त्यांनी एका दैनिकाची पुरवणी म्हणून सुरू केले. देशभरातील मुले त्याची वार्ताहर होती. १९२९ मध्ये मुलाच्या सन्मानाच्या हक्काविषयीचे त्यांचे छोटे पुस्तक आले. आकाशवाणीवर ‘म्हातारे डॉक्टर’ या नावाने ते बोलत तेव्हा घराघरांत मुले आणि मोठी माणसेही रेडिओभोवती जमत. त्यांची सर्वाधिक गाजलेली बालकादंबरी राजा मात्सिऊशची. वडिलांच्या मृत्यूने राजा झालेला हा लहान मुलगा युद्धाचे मोठे स्वप्न पाहत वेष पालटून रणांगणावर जातो. तेथे त्याला पराक्रमाऐवजी चिखल, उवा आणि भूक भेटते. पुढे तो मुलांची संसद स्थापन करतो, पण भोळेपणाने फसतो आणि राज्य गमावतो. मुलांना खोटा सुखान्त देणे कोर्चाक यांना मंजूर नव्हते.

त्यांच्या यशाला मर्यादाही होत्या, आणि त्या त्यांना पक्क्या ठाऊक होत्या. चौदा वर्षांचे झाल्यावर मुलांना घर सोडावे लागे. आतल्या न्यायाची सवय झालेले मूल बाहेरच्या अन्यायी जगात एकटे पडे. निरोपाच्या वेळी डॉक्टर मुलांना कोणतेही मोठे वचन देत नसत. धर्म, देश, माणसाचे प्रेम हे प्रत्येकाने स्वतः शोधायचे आहे आणि आपण देऊ शकतो ती केवळ अधिक चांगल्या, सत्याच्या आणि न्यायाच्या जीवनाची ओढ, अशा आशयाचे ते बोलत. त्याच सुमारास पोलंडमध्ये ज्यूद्वेष वाढत होता. त्याच्या दडपणाखाली त्यांचा आकाशवाणीवरील कार्यक्रम बंद झाला. पॅलेस्टाइनला त्यांनी दोनदा भेट दिली होती आणि तेथे स्थायिक होण्याचा विचारही केला होता, परंतु मुलांना सोडून जाणे त्यांना जमले नाही. स्टेफाबाई तर तेथे राहिल्याही होत्या. १९३९ मध्ये युद्धाचे ढग दाटलेले असताना त्या परत वॉर्साला आल्या.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. साठी ओलांडलेल्या कोर्चाक यांनी जुना लष्करी गणवेश अंगावर चढविला. रेडिओवरून ते लोकांना धीर देत आणि बॉम्बवर्षावात रस्त्यावर सापडलेली मुले घरी आणत. शहर पडले. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये वॉर्सातील ज्यूंना उंच भिंतीच्या आत कोंडण्यात आले. साडेतीन चौरस किलोमीटरांहूनही कमी जागेत चार लाखांहून अधिक माणसे राहू लागली. या कोंडवाड्याला घेट्टो म्हणत. अनाथगृहालाही क्रोखमाल्नावरील आपली वास्तू सोडावी लागली. स्थलांतराच्या वेळी मुलांसाठीच्या बटाट्यांची गाडी सैनिकांनी हिसकावून घेतली. कोर्चाक पोलिश गणवेशातच जर्मन अधिकाऱ्याकडे जाब विचारायला गेले. ज्यूंना सक्तीची असलेली दंडावरची पट्टीही त्यांनी बांधली नव्हती. त्यांना मारहाण झाली आणि सुमारे महिनाभर तुरुंगात राहावे लागले. बाहेर आले ते पाय सुजलेले आणि प्रकृती ढासळलेली अशा अवस्थेत.

घेट्टोतील ज्यूंना मिळणारा अधिकृत शिधा दिवसाला दोनशे उष्मांकांहूनही कमी होता. जगायचे तर चोरून आणलेल्या अन्नावर जगावे लागे, आणि ते अन्न आणत ती बहुधा मुलेच. सात-आठ वर्षांची मुले भिंतीच्या फटींतून आणि गटारांतून पलीकडे जात, कपड्यांच्या आत बटाटे आणि पाव लपवून परत येत. कित्येक घरांचा कर्ता तो लहान मुलगा होता. पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी अशी अनेक मुले भिंतीपाशीच मरून पडली. मुलांची चिवटता आपण ज्याला म्हणतो ती ही अशी होती. तिचे कौतुक करण्यापूर्वी, आठ वर्षांच्या मुलावर घर चालविण्याची वेळ कोणी आणली, हे विचारले पाहिजे.

कोर्चाक यांनी १९४२ च्या उन्हाळ्यात दैनंदिनी लिहिली. तिच्यातील एक नोंद वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. रस्त्याच्या कडेला एक मुलगा पडलेला होता, मेलेला किंवा मरणाच्या दारात. जवळच तीन मुले दोरीचे लगाम करून घोडागाडीचा खेळ खेळत होती. दोरीचा गुंता झाला तेव्हा, पडलेला मुलगा खेळाच्या आड येतो, म्हणून ती थोडी पलीकडे सरकली. ती मुले निष्ठुर नव्हती. मृत्यू त्यांच्या अंगणातील नेहमीची वस्तू झाला होता, आणि तरीही त्यांना खेळायचे होते.

नव्या जागेत आता सुमारे दोनशे मुले होती. आजारी डॉक्टर रोज पोते घेऊन दारोदार फिरत. धनिकांची, संस्थांची, दुकानदारांची मनधरणी करीत, प्रसंगी भांडत, आणि मिळेल ते धान्य आणत. तेवढ्यावर न थांबता त्यांनी डिएल्ना रस्त्यावरील सुमारे हजार मुलांच्या सरकारी आश्रमाची जबाबदारीही मागून घेतली. तेथे मुले रोज मरत होती. आपल्या घरात मात्र त्यांनी नेहमीचा क्रम मोडू दिला नाही. वर्ग भरत, न्यायालय बसे, कामाच्या पाळ्या लागत, मुले रोजनिशी लिहीत आणि आठवड्याचे वजन होत असे. फक्त वहीतील आकडे आता वाढत नव्हते. मुलांचे बोलणे वृद्धाश्रमातील म्हाताऱ्यांसारखे झाले आहे, ती ताप, अशक्तपणा आणि रात्रीच्या जागरणाविषयीच बोलतात, असे डॉक्टरांनी नोंदविले आहे. त्या घराने मुलांना दुःखापासून वाचविले नाही. वाचविणे शक्यच नव्हते. त्याने एवढेच केले, की भुकेतही त्या मुलांना माणूस म्हणून वागविले जाईल याची हमी दिली.

या कथेत भारताचे नाव येते ते अनपेक्षितपणे. १८ जुलै १९४२ रोजी या मुलांनी रवीन्द्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक पोलिश भाषेत सादर केले. या नाटकातील अमल हा आजारी मुलगा खोलीबाहेर पाऊल टाकू शकत नाही. खिडकीशी बसून तो दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी आणि फुले वेचणाऱ्या मुलीशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. अखेरीस तो शांतपणे झोपी जातो. भिंतींच्या आत कोंडलेल्या मुलांना अमल कोण हे सांगावे लागले नसेल. हेच नाटक का निवडले, याचे उत्तर कोर्चाक यांनी दिले होते. मृत्यूच्या देवदूताला शांतपणे सामोरे जाण्यास मुलांनी शिकावे, असा त्याचा आशय होता. आपल्या मुलांना जगण्याचे धडे देण्यात आयुष्य घालविलेल्या शिक्षकावर हा शेवटचा पाठ शिकविण्याची पाळी यावी, यापरते दुर्दैव कोणते!

चारच दिवसांनी, २२ जुलै रोजी, घेट्टोतील लोकांना आगगाड्यांत भरून ट्रेब्लिंकाला नेण्यास सुरुवात झाली. घेट्टोतील ज्यू मंडळाचे अध्यक्ष आडाम चेर्न्याकुफ यांनी अनाथ मुलांना तरी वगळावे म्हणून विनवण्या केल्या. त्या धुडकावल्या गेल्या तेव्हा त्यांनी आत्महत्या केली. भिंतीबाहेरील पोलिश मित्रांनी कोर्चाक यांना बाहेर काढण्याची व्यवस्था एकदा नव्हे, अनेकदा केली. प्रत्येक वेळी त्यांनी नकार दिला. रात्री घाबरून उठणाऱ्या मुलाला एकटे सोडून जाता येत नाही, हा त्यांचा साधा हिशेब होता. ४ ऑगस्टच्या सकाळी ते खिडकीतील झाडांना पाणी घालीत होते. समोर बंदूक घेतलेला जर्मन सैनिक उभा होता. तो कदाचित पूर्वी एखाद्या खेड्यात शिक्षक असेल, असा विचार त्यांच्या मनात आला. मारायला उभ्या असलेल्या माणसातही त्यांना शिक्षक दिसला. द्वेषाने द्वेष शमत नाही हे आपण धम्मात शिकतो. एका ज्यू डॉक्टरने ते आपल्या अखेरच्या दिवसांत, कोणताही आव न आणता, आचरणात आणले. त्यांच्या दैनंदिनीचे ते शेवटचे पान ठरले.

दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्ट १९४२ रोजी, सैनिकांनी घराला वेढा घातला. मुलांना तयार होण्यास अगदी थोडा वेळ मिळाला. सुमारे १९० मुले चार-चारच्या रांगांत रस्त्यावर आली. पुढे डॉक्टर होते, मुलांच्या दुसऱ्या गटाबरोबर स्टेफाबाई होत्या आणि त्यांच्यासोबत इतर शिक्षक व सेवक होते. कडक उन्हात ती रांग घेट्टोतून चालत आगगाडीच्या फलाटापर्यंत गेली. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांनी ती पाहिली. त्या दिवसाभोवती पुढे अनेक कथा गुंफल्या गेल्या. त्यांचा गाभा मात्र एकच आहे. मुलांना एकटे जावे लागले नाही. त्या गाडीतून कोणीही परत आले नाही.

या अखेरच्या दिवसामुळे कोर्चाक जगाच्या स्मरणात राहिले. पण केवळ तेवढेच स्मरण ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. मरणाच्या दारापर्यंत हात न सोडणे त्यांना जमले, कारण त्याआधीची तीस वर्षे त्यांनी तो हात रोज धरला होता. दुधाचे दात, वजनाची वही, पत्रपेटी आणि क्षमेची कलमे यांतून तो हात घट्ट झाला होता. आणि त्या मुलांनाही केवळ धैर्याची उदाहरणे म्हणून आठवू नये. नाझींनी सुमारे पंधरा लाख ज्यू मुले मारली. त्यांतील प्रत्येकाला मोठे व्हायचे होते. कोणाला शिवणकाम शिकायचे असेल, कोणाला व्हायोलिन, तर कोणाला नुसते पोटभर जेवायचे असेल.

कोर्चाक यांची दैनंदिनी घेट्टोबाहेर पोहोचविली गेली, वॉर्सातील एका बालगृहाच्या भिंतीत चिणून ठेवली गेली आणि १९५८ मध्ये प्रकाशित झाली. त्यांचा विचारही तसाच भिंतीतून बाहेर आला. १९७८ मध्ये पोलंडने बालहक्कांच्या जागतिक कराराचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. १९८९ मध्ये तो संमत झाला आणि १९९२ मध्ये भारताने तो स्वीकारला. क्रोखमाल्नावरील मूळ वास्तू युद्धातून वाचली आणि तेथे पुन्हा मुलांचे घर सुरू झाले.

महाराष्ट्राच्या मातीशीही या इतिहासाचा एक धागा जुळतो. ज्या काळात वॉर्सातील मुलांसाठी जगाची दारे बंद होती, त्याच काळात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली दुसरी पोलिश मुले, सायबेरिया आणि मध्य आशियातील उपासमारीतून वाचून, भारतात पोहोचली. जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांना आसरा मिळाला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. तेथे त्यांच्या शाळा भरल्या, सण साजरे झाले. मोठी झालेली ती मुले म्हातारपणीही कोल्हापूरला परत येत राहिली. युद्धातील मूल तगते ते केवळ स्वतःच्या चिवटपणाने नव्हे. कोणीतरी दार उघडते म्हणून ते तगते.

आपल्यासाठी असेच दार बाबासाहेबांनी उघडले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि लगेच १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. गावकुसाबाहेरच्या मुलाला पुस्तकाइतकीच निवाऱ्याची, दोन वेळच्या जेवणाची आणि अपमान होणार नाही अशा चार भिंतींची गरज आहे, हे त्यांनी स्वतःच्या बालपणात ओळखले होते. आपल्या वसतिगृहांतून मुले जे मेत्तसुत्त म्हणतात, त्यात एकुलत्या लेकराला जिवापाड जपणाऱ्या आईचा दृष्टान्त आहे. तेवढी माया सर्वांविषयी बाळगावी, असे ते सांगते. पाठ म्हणणे सोपे आहे. परक्याच्या मुलासाठी, तेही शे-दोनशे मुलांसाठी, ते जगून दाखविणे किती कठीण आहे, हे कोर्चाक यांच्या चरित्रावरून कळते.

निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाला पहिली रात्र आठवते. ट्रंक कॉटखाली सरकविलेली, आई-वडील एस.टी.ने परत गेलेले, दिवे मालवलेले, आणि उशीत तोंड खुपसून दाबलेले हुंदके. त्या रात्री कोणी वरच्या वर्गातील दादा किंवा ताई येऊन जवळ बसली असेल, तर तेही आठवते. आणि कोणीच आले नसेल, तर तेही विसरता येत नाही. यंदाही आपल्या शयनगृहात नवी मुले येतील. त्यांच्यापैकी काही दंगलीतून, काही दुष्काळातून, तर काही मोडलेल्या घरांतून येतील. त्यांची नावे विचारावीत, त्यांचे वजन वहीत लिहावे, त्यांची तक्रार ऐकावी आणि चूक आपली असेल तर त्यांच्यासमोर कबूल करावी. ट्रेब्लिंकाच्या माळावरील त्या एका दगडाला आपल्याकडून वाहता येण्याजोगे फूल हेच आहे.